वखारीचं घर

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर "दगडाचं घर?" एवढंच म्हणून आईने फोन बाबांकडे दिला असता, म्हणून लिहितेय. काल मी सोलापूरला आले होते आणि तुम्हाला न भेटता परतले. रागवायचं ते भेटल्यावर रागवा. बार्शी रोडला, वडाळ्याच्या अलीकडे, एक जुनी वखार विकायला आहे. मालकाने तिचं राहतं घर केलंय, ते बघायला गेले होते.

काळ्या दगडाच्या भिंती, दोन फुटांहून जाड. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत पाऊल टाकलं तर फरशी गार. आपल्याकडे मे महिन्यात स्लॅबखाली रात्री अकरालाही पंखा गरम वारा फेकतो. खोल्या, न्हाणीघर, संडास सगळं खालीच, बाबांच्या गुडघ्याला त्रास नाही. वरच्या माळ्याचा जिना मात्र शिडीसारखा उभा, तो मुलांना.

आता आईचं. १९९३ ची ती किल्लारीच्या भूकंपाची, विसर्जनाची रात्र मी विसरलेले नाही. पहाटे चारच्या सुमाराला तू मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलंस, आणि उमरग्याकडून मामांची खुशाली कळेपर्यंत भाकरीला हात लावला नाहीस. पण आई, तिकडची घरं पडली ती कशामुळे? भिंतीचा एक थर बाहेरून, एक आतून, मधे माती आणि चिपा. दोन्ही थर बांधून ठेवणारा आरपार दगडच नाही. त्यावर माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, फूट-दीड फूट माती. जमीन हलली तशा भिंती फुगून उकलल्या आणि माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. ह्या वखारीचं माळवद उतरवून हलके पत्रे टाकलेत. दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना सलग काँक्रीटचा पट्टा फिरवलाय. भिंतीत आरपार दगड आहेत म्हणे; पण मालकाच्या शब्दावर मी पैसे टाकणार नाही.

उणिवाही आहेत. उजेडासाठी नव्या खिडक्या फोडल्यात, त्यातली एक अगदी कोपऱ्याला खेटून. ती बुजवावीच लागेल. शिवाय दगडांमधल्या चुन्याच्या जुन्या दरजा खरवडून सिमेंट भरलंय, त्यामुळे ओल आतच कोंडते आणि उत्तरेच्या भिंतीला खालून लोणा लागलाय. सिमेंट म्हणजे मजबूत, ही आपल्याकडची एक अंधश्रद्धाच.

जागा गावठाणातली आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि मिळकत पत्रिका मागितलीय, वकील तीस वर्षांचा शोध घेतील. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तेव्हा बाबांनी "जावयाच्या नावावर घे" हे सोडावं.

इसार दिलेला नाही. पुढच्या शनिवारी मी येते. मालक एक रात्र राहू द्यायला तयार आहे. आईने तिथे झोपून बघावं. मध्यरात्री उठून "चला घरी" म्हणालीस तरी गाडी दारात उभी असेल, आणि हा विषय मी पुन्हा काढणार नाही. सोमवारी सिद्धेश्वराला कसं जायचं, ते त्यानंतर भांडू.

बाबा, तुमची ओव्हरसियरच्या दिवसांतली छोटी हातोडी पोटमाळ्यावर निळ्या पेटीत आहे. ती काढून ठेवा. भिंत भरीव आहे की पोकळ, हे ठोकून तुम्हीच सांगायचं. इंजिनिअर पण येणार आहे, पण त्याला तुमच्यानंतर विचारू.

तुमची,
मनू