पोळ्याच्या आधी एक खोली हवी आहे

मानेवाडा आणि आसपासच्या वस्त्यांतल्या सगळ्या काका-काकूंना, ताई-दादांना नमस्कार.

गेली चार वर्षे आम्ही रोज संध्याकाळी साडेसहा ते नऊ एका काकांच्या गॅरेजमध्ये बसतो. आम्ही म्हणजे दारू, गांजा, खर्रा सोडलेली किंवा सोडू पाहणारी माणसं आणि त्यांच्या घरचे. काकांचं घर आता पाडून नव्यानं बांधायचं आहे, म्हणून महिनाअखेर गॅरेज रिकामं करून द्यायचं आहे. रिंग रोडच्या अलीकडे तळमजल्यावर एक खोली मिळते आहे. भाडं महिना ६,००० रुपये, डिपॉझिट ३०,०००. आमच्या डब्यात आज ११,४०० रुपये आहेत. उरलेले १८,६०० आणि पुढचं वर्षभराचं भाडं, एवढ्यासाठी हे आवाहन.

साडेसहाचीच वेळ का, ते सांगतो. दवाखान्यात दोन-तीन आठवड्यांत माणूस शुद्धीवर येतो. खरी कसोटी घरी आल्यावर लागते. संध्याकाळी साइट सुटते, हातात रोजी पडते आणि चौकात जुना सोबती उभा असतो. "काऊन बे, आता आमच्यात बसत नाही का? घे ना, एकानं काय होते!" त्या घडीला त्याला पाय वळवायला एखादं दार लागतं. उपदेश त्यानं बायकोकडून, आईकडून, सासऱ्याकडून पोटभर ऐकलेला असतो.

नवीन आलेल्याला आम्ही चहा अर्धाच कप देतो. सुरुवातीचे काही दिवस हात थरथरतात. भरलेला कप चारचौघांत सांडला की माणूस दुसऱ्या दिवशी तोंड दाखवत नाही. अर्धा संपला की पुन्हा अर्धा ओततो. ही युक्ती आमच्यातल्याच एका गवंडीकाम करणाऱ्या दादाची.

वहीत नावं नसतात, फक्त दिवस लिहितो. मागच्या उन्हाळ्यात २१२ दिवस झालेला एक भाऊ लग्नाच्या वरातीत घसरला. तिसऱ्या संध्याकाळी तो समोरच्या पानठेल्यापाशी नुसताच उभा होता, रस्ता ओलांडेना. दोघं जाऊन त्याला हाताला धरून घेऊन आले. त्यानं स्वतः वहीत १ लिहिला. घसरण या आजारात होतेच आणि ती लपवली की वाढते, हे आम्ही अनुभवानं शिकलो.

घरच्यांची बैठक रविवारी असते. एक ताई परवा म्हणाल्या, "दोन महिने झाले भाऊ, ते पीत नाहीत. पण अजूनही फाटक वाजलं का मी पोरीची पुस्तकं उचलून ठेवते." पूर्वी काय होत असेल ते कुणी विचारलं नाही. शेजारी बसलेल्या काकूंनी त्यांचा हात हातात घेतला, इतकंच. नवऱ्याची दारू सुटली तरी बायकोची धास्ती सुटायला वेळ लागतो, आणि तिच्यासाठी कुणी वॉर्ड उघडलेला नसतो.

जाता जाता दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होतात, जीवही जाऊ शकतो. मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या मानसोपचार विभागात दाखवा, आमच्यातलं कुणीतरी सोबत येईल. दुसरं, भाजीत नकळत गोळी किंवा पावडर घालून दारू सोडवण्याच्या भानगडीत पडू नका. त्यावर माणूस प्यायला तर रक्तदाब एकदम पडू शकतो, हृदयावर बेतू शकतं. घरबसल्या विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत.

पोळा जवळ आला आहे. पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, आमच्या लोकांना सगळ्यात जड जाते. घराघरात मटण शिजतं, गल्लीत बैठका बसतात आणि नाही म्हणणाऱ्याची टर उडवली जाते. त्या दोन दिवसांत आम्ही दार सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत उघडं ठेवतो. सकाळी तर्री-पोहे, दुपारी वरण-भात. करीच्या दिवशी मारबतीची, म्हणजे रोगराई-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते तेव्हा "रोगराई घेऊन जा गे मारबत" असं सगळं शहर ओरडतं. आमच्याकडची पोरं रोगराईच्या जागी दारू म्हणतात. मागच्या वर्षी एका मुलीनं ते बापाच्या खांद्यावर बसून म्हटलं, बापही तिच्यासोबत ओरडला, आणि आम्हा कुणाला काही बोलवेना. यंदा ते दोन दिवस बिनाखोलीचे जाऊ नयेत.

काहींना वाटेल, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका असतात, त्या फुकट असतात, मग पैसे कशाला? आमच्यातले बरेच जण त्या बैठकांना जातात आणि १९३५ साली सुरू झालेल्या त्या चळवळीचे आमच्यावर उपकार आहेत. पण ती बाहेरच्यांचं दान घेत नाही आणि हे आवाहन तिच्या वतीनं नाही. आमची खोली वस्तीची आहे, ती वस्तीनंच चालवायची आहे.

पन्नास रुपयेही चालतील. प्लास्टिकच्या खुर्च्या, जुना कूलर, मोठी चहाची गंजी घरात पडून असेल तर तीही द्या. आणि ज्यांचं दुकान, वर्कशॉप, ठेकेदारी आहे त्यांना हात जोडून विनंती, काम द्या. आमच्याकडे वेल्डर आहे, शिंपी आहे, दोन ड्रायव्हर आहेत. रोजी हातात देण्याऐवजी, त्याच्याच संमतीनं, आठवड्याला घरच्यांच्या खात्यात टाकली तर अर्धी लढाई तिथेच सोपी होते.

पैसे संध्याकाळी गॅरेजवर येऊन, पावती घेऊनच द्या. आमच्या नावानं घरोघरी कुणी मागायला येणार नाही. जमा-खर्च दर महिन्याच्या एक तारखेला भिंतीवर लावतो, कुणीही वाचावा.

आणि घरात कुणी पीत असेल, म्हणून नुसतं बोलायला यायचं असेल, तर त्यांनीही याच दारानं यावं. त्यांच्यासमोर आम्ही पावतीपुस्तक काढणार नाही.

– वस्तीतले व्यसनमुक्त सोबती आणि त्यांचे कुटुंबीय, मानेवाडा, नागपूर