कान कातरलेली कुत्री नान्नजच्या माळावर आली कशी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला न्यूझीलंडवरचा लेख वाचला. उंदीर, स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) आणि पॉसम (झाडावर राहणारा, पोटाला पिशवी असलेला प्राणी) २०५०पर्यंत देशातून संपवायचे, ही २०१६ साली जाहीर झालेली मोहीम आपल्या वाचकांपर्यंत पोहोचली, हे चांगले झाले. पण शेवटी लेखक म्हणतात, भारतात हा प्रश्नच नाही, इथले प्राणी इथलेच आहेत. लेखकाबद्दल आदर ठेवून सांगतो, त्यांनी एकदा नान्नजच्या माळढोक अभयारण्यात यावे. सोलापूरपासून अंतर वीस-बावीस किलोमीटरच आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर मी मार्डीच्या बाजूने माळावर गेलो होतो. गवत गुडघ्याएवढे होते. काळविटाची मादी पाडसाला गवतात दडवून चरायला जाते आणि पाडस दिवसदिवस जागचे हलत नाही, हे इथल्या कुठल्याही मेंढपाळाला विचारा. पाच कुत्री गवत हुंगत पुढे सरकत होती. त्यांनी पाडस उठवले आणि चहूबाजूंनी धरले. एक मेंढपाळ काठी घेऊन धावला, मागून मी दगड मारत धावलो. कुत्री पांगली तोवर पाडसाचे मागचे पाय फाटले होते. आमच्यासमोरच ते मेले. कुत्री लांब जाऊन धापा टाकत बसली. पोटे भरलेली होती, भुकेजलेले त्यात एकही नव्हते. त्यातल्या एका तांबड्या कुत्रीच्या कानाला खाच होती, नसबंदी झाल्यावर पाडतात तशी. मेंढपाळ म्हणाला, "आमच्या गावात असली गाडी कधी आलीच नाही, साहेब. ही शेरातली हायती."

मी कुणाचे नाव घेत नाही. पण भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठीच्या २०२३च्या नियमांप्रमाणे कुत्रे जिथून पकडले तिथेच नसबंदी आणि लस करून परत सोडायचे असते. मग ती कुत्री माळावर आली कशी? एका कार्यालयाला फोन केला. उत्तर मिळाले, कुत्रा वन्यप्राणी नाही, पंचायतीला सांगा. पंचायतीतून कळले, जागा अभयारण्याची आहे, आमचा संबंध नाही. मेलेल्या पाडसाचा पंचनामा झाला, मारणाऱ्या कुत्र्यांचे काय करायचे हे कुणाच्याच कागदावर आले नाही. न्यूझीलंडने निदान शत्रूंची यादी केली आणि मुदत घातली.

तिथली गोष्ट वेगळी आहे, हे मान्य. वटवाघळे सोडली तर त्या बेटांवर जमिनीवरचे सस्तन प्राणी मुळात नव्हते. म्हणून किवी, काकापो असे न उडणारे पक्षी टिकले. गोऱ्यांनी आधी ससे आणले, ते फार झाले म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टोट सोडले आणि स्टोट पक्ष्यांवर उलटले. आपला कुत्रा हजारो वर्षांपासून माणसाबरोबर आहे, त्याला परका कसे म्हणणार, असा लेखकाचा मुद्दा असावा. पण माळावर लांडगे किती राहतील हे तिथली शिकार ठरवते. कुत्री किती राहतील हे बार्शी रस्त्याच्या कडेला पोत्यांतून टाकलेली कोंबड्यांची आतडी आणि पिसे ठरवतात. काळविटे संपली तरी कुत्री उपाशी मरणार नाहीत. लांडग्याला मात्र ते एवढे सोपे जात नाही.

आणि प्रश्न केवळ काळविटाचा नाही. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. देशात मोकळ्या रानात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले आहेत. ज्या नान्नजला १९७९ साली त्याच्या नावाने अभयारण्य झाले, तिथे आज एखादा दिसला तरी बातमी होते. जैसलमेरकडे अंडी कृत्रिमरीत्या उबवून पिल्ले वाढवत आहेत, २०२४मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिल्लू जन्मले. ती पुढे सोडायची झाली तर कुत्र्यांच्या तोंडी सोडायची का? लांडग्यावर तर दुहेरी संकट आहे. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा-कुत्रा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत सिद्ध झाले आहे. शिवाय कुत्र्यांत आढळणाऱ्या कॅनाइन डिस्टेंपरने २०१८ साली गीरचे सिंह दगावले. तो आजार नान्नजच्या लांडग्यांत आणि खोकडांत शिरला तर कोण धावणार?

कुत्री मारून टाका, असे मी म्हणत नाही. विष तर मुळीच नको, ते आधी लांडगा आणि खोकडच खातील. अभयारण्यालगतच्या गावांत प्रत्येक कुत्र्याला लस द्या, नसबंदी करा. माळावरून पकडलेले कुत्रे पुन्हा माळावर सोडायचे नाही, अशी वेगळी तरतूद करा. कोंबडीच्या कचऱ्यावर रोजच्या रोज कारवाई होऊ द्या. आणि या सगळ्याला जबाबदार असा एक अधिकारी नेमा, ज्याचा फोन नंबर मेंढपाळाकडे असेल. त्या दिवशी आमच्याकडे असा एकही नंबर नव्हता.

आपला,
एक जुना वाचक, जुळे सोलापूर

ता.क. : त्याच पानावरच्या चौकटीत 'माळढोक' म्हणून छापलेला पक्षी तणमोर आहे. डोक्यामागून निघालेली लांब, वाकडी पिसे फोटोत स्पष्ट दिसतात. तणमोरही नामशेष होण्याच्या वाटेवर आहे आणि माळढोकाच्या जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रात ही चूक होणे फार वाईट वाटले. कृपया दुरुस्ती छापावी, तीही आतल्या पानावर बारीक अक्षरांत नको.