समोर कुणी नसताना शड्डू

कोल्हापूर,
रविवार, रात्र

प्रिय दत्त्या,

पत्र आलंय म्हणजे याचं काहीतरी अडलंय, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. दिवाळीपासून माझा पत्ता नाही, तुझ्या मेसेजना नुसता अंगठा दाखवला, सगळं कबूल. शिव्या भेटीत घाल. तब्येत बरी, शुगर होती तिथंच. आई मजेत.

आता ऐक. माझ्याकडची पीएचडीची पोरगी एच-वन रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ज्या प्रथिनाला हिस्टामिन चिकटतं त्यावर, काम करते, तुला माहीत आहे. कॉस-सेव्हन पेशींत रिसेप्टरचा जीन घालायचा, सोबत रिसेप्टर जागा झाला की उजेड देणारा ल्युसिफरेजचा रिपोर्टर, वरून हिस्टामिन द्यायचं आणि उजेड मोजायचा. पण प्लेटमधल्या ज्या वेल्समध्ये, म्हणजे खळग्यांत, हिस्टामिनचा थेंबही टाकला नाही, त्याही चमकतायत. रिकाम्या प्लाझ्मिडच्या, म्हणजे रिसेप्टरचा जीनच न घातलेल्या, वेल्स गप्प. खासबागेत समोर जोडीदार नसताना एखाद्या पैलवानानं एकट्यानंच शड्डू ठोकत बसावं, तसा हा रिसेप्टर.

यात नवं काय, म्हणशील. एच-वन असा आपला आपण चालू राहतो, आणि अँटीहिस्टामिन नुसती वाट अडवत नाही तर त्याला बंद रूपात धरून ठेवतं, हे आता पुस्तकात आहे. (गंगावेशीत दुधाचा ग्लास हातात धरून तू तासभर मला कुलूप-किल्ली शिकवलीस, किल्लीशिवाय कुलूप उघडतच नाही म्हणून, ते मी विसरलेलो नाही. तेव्हा हिस्टामिनचा चौथा रिसेप्टर सापडायचा होता, तो 2000 साली आला, पण तुझा आवाज आजच्याएवढाच मोठा होता.) आमचं घोडं पुढं अडलंय. आम्ही रिसेप्टरमधलं एकच अमिनो आम्ल बदललंय, आणि हा बदललेला गडी मूळच्यापेक्षा जास्त उजेड देतो. पोरगी म्हणते, सर, हा स्वतःहूनच जास्त जागा आहे. मला वाटतं, असेलही. पण त्याची हिस्टामिनवरची पकडच घट्ट झाली असेल तर? मग पेशींच्या खाद्यात घालतो त्या सीरममधल्या चिमूटभर हिस्टामिननंही तो उठेल, आणि आकडे हुबेहूब असेच दिसतील.

सेटिरिझिन घातलं, उजेड उतरला. पण तो दोन्ही बाबतींत उतरणारच, काय कळलं? कप्पाळ. मग सीरम डायलिसिस करून घेतलं. हिस्टामिन जेमतेम 111 डाल्टनचं, पडद्यातून निघून जातं. उजेड कमी झाला, पण सगळा गेला नाही. उरलेला कुणाचा, यावर माझी झोप उडालीय. वर मीडियममध्ये हिस्टिडीन, म्हणजे हिस्टामिनचा कच्चा माल, भरपूर, कुठं जिवाणू शिरले असतील तर विचारूच नको.

जिवाणूंवरून आठवलं, मालवणचा तो बांगडा! तू अजून अ‍ॅलर्जी म्हणून सांगत फिरतोस ना? अरे, मासा बर्फात नीट ठेवला नाही की जिवाणू त्यातल्या हिस्टिडीनचं हिस्टामिन करतात, ते शिजवूनही जात नाही. पाच जणांची तोंडं एकदम लाल झाली होती. अ‍ॅलर्जी काय वर्गणी काढून येते?

असो. प्रबंधाचा सिनॉप्सिस तोंडावर आलाय, पोरीचं लग्न ठरलंय, आणि खरं सांगू, मलाही तिचंच खरं ठरायला हवंय. म्हणूनच मी स्वतःला पंच धरत नाही. इथं सगळे "वा सर" म्हणतात. तुझ्यासारखा खुसपट काढणारा कुणी नाही. तुमच्या कंपनीच्या कपाटात एच-वनचा एखादा न्यूट्रल अँटॅगोनिस्ट आहे का बघ, रिसेप्टरला कुठंही न ढकलता फक्त हिस्टामिनला बसू न देणारा. त्यानं उजेड उतरला तर सीरमचा गुन्हा, तसाच राहिला तर पोरगी जिंकली. नसेल, तर मीडियममध्ये डायअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम घालून हिस्टामिन मोडून टाकायचा विचार आहे. त्यातलं खुसपट काढ. दोन्ही रिसेप्टर पेशीवर सारख्याच संख्येनं बसलेत का, हे विचारू नकोस, ते बाइंडिंगनं मोजून झालंय.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींचा गुडघा कसा आहे? चिरंजीव बारावीला ना? की तेरावीला? मसाला पाठवतो, या वेळी कांदा-लसूण जरा बेताचा.

सीरमचा नवा लॉट बुधवारी येतोय, त्याआधी उत्तर टाक.

तुझा,
पिंट्या

ता. क. पोरीला या पत्राचं काही माहीत नाही. फोन केलास तर लॅबच्या नंबरवर नको, तोच उचलते ती.