ड्रॅग रेसच्या गाडीला गिअर किती असावेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील ड्रॅग रेसिंगवरचा (थांबलेल्या गाड्यांनी सुटून सरळ रेषेत थोडे अंतर वेगाने पार करण्याच्या शर्यतींवरचा) आपल्या रविवार पुरवणीतील लेख आस्थेने वाचला. मिशिगनमध्ये सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या गाडीवर काम करणारा वाचक म्हणून त्यातील एका विधानाला, म्हणजे ‘गिअर जितके जास्त तितकी गाडी वेगवान’ याला, मला हरकत घ्यावीशी वाटते. त्यावर विसंबून कोणी गिअरबॉक्स निवडला तर त्याचे पैसे वाया जातील.

शेवरोलेने १९५० मध्ये आणलेला पॉवरग्लाइड हा दोनच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९७३ नंतर बनला नाही, तरी तिथल्या शर्यतींत तो आजही मानाने वापरला जातो. त्याचा पहिला गिअर १.७६ किंवा १.८२ पटीचा असतो, म्हणजे इंजिनाचा टॉर्क (चाके फिरवणारा जोर) तितक्या पटीने वाढवतो; टर्बो ४०० या तीन गिअरच्या बॉक्समध्ये तो २.४८ पटीचा आहे. गाडी हलकी आणि इंजिन दांडगे असेल, तर हा जादा टॉर्क मागच्या टायरांना पेलत नाही आणि सुटतानाच चाके जागेवर फिरतात. आमच्या गाडीचे नेमके हेच होत असे. शिवाय पॉवरग्लाइड इंजिनाची ताकद कमी खातो आणि ४०२ मीटरच्या धावेत गिअर एकदाच बदलावा लागतो, त्यामुळे प्रत्येक धाव जवळजवळ सारख्याच वेळेत होते. ब्रॅकेट रेसिंगमध्ये चालक आपली वेळ आधीच जाहीर करतो आणि त्याहून लवकर पोहोचला तर सहसा बाद होतो. तिथे हे सातत्य फार मोलाचे ठरते. गाडी जड आणि इंजिन बेताचे असेल, तर मात्र तीन गिअरच घ्यावेत. दोन्ही बाबतींत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवणारा भाग) इंजिनाला साजेसा नसेल, तर उत्तम गिअरबॉक्सही निरुपयोगी होतो.

लेखात न आलेली एक गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर नामवंत ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्यानंतरच त्यांनी इंजिन चालकाच्या पुढे न ठेवता मागे ठेवणारी गाडी घडवली. म्हणून गिअरबॉक्सभोवतीचे प्रमाणित संरक्षक कवच खरेदीच्या यादीत पहिले असावे, आणि हे आपण पुढील अंकात ठळकपणे छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मिशिगन