ताई, न वाजणाऱ्या तारांबद्दल आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. आभार तुमचेच आहेत, पण तुम्ही शिकवलेलं आणखी कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून उघड लिहितेय. अ‍ॅकॉस्टिक गिटारवर गाण्याला साथ करणारे कितीतरी जण असतात. कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वर) पाठ असतात, मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिकणारं यंत्र) सुटत नाही, तरी ठेका काही उभा राहत नाही. मीही त्यांतलीच होते. (डावखुऱ्या वाचकांनी पुढे डावा-उजवा हात उलटा समजावा.)

तुम्ही माझं स्ट्रमिंग (तारांवर फटके मारणं) तपासाल अशी माझी अपेक्षा होती. तुम्ही ई मायनर कॉर्ड वाजवायला सांगितलंत आणि लगेच म्हणालात, ‘आता बंद कर.’ मी उजवा हात बाजूला घेतला. गिटार आपली वाजतच होती. स्टीलच्या तारांचा आवाज काही सेकंद सहज टिकतो आणि 90 च्या टेम्पोला (मिनिटाला 90 ठोके) एक बीट, म्हणजे एक ठोका, पाऊण सेकंदाचीही नसते. म्हणजे एका कॉर्डचा आवाज मावळायच्या आत त्यावर पुढचे तीन-चार फटके चढत होते. नळ नीट बंद न केल्यासारखा प्रकार. कुठल्या ठोक्यावर आवाज सुरू करायचा याचाच विचार मी करत आले होते; तो कुठे संपवायचा, हे तुम्ही विचारेपर्यंत मला कोणी विचारलंच नव्हतं.

मग तुम्ही डाव्या हाताकडे वळलात. पुस्तकात कॉर्डच्या चित्रावर ज्या तारेपुढे फुली असते, ती तार वाजवायची नाही एवढंच आपण शिकतो आणि पिक (तारा छेडायची चकती) त्या तारेपर्यंत पोचू नये म्हणून हात आखडून धरतो. हात आखडला की ताल गेला. तुमचा आग्रह उलटा होता: उजव्या हाताने बिनधास्त सहाही तारांवरून जावं, नको ती तार मुकी ठेवणं डाव्या हाताचं काम. त्यासाठी प्रत्येक बोटाला दोन कामं. सी मेजरमध्ये अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्टीला) असते. तिचं टोक किंचित वर सरकवलं की ते सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेला टेकतं आणि ती तार गप्प होते. बी सेव्हनमध्ये हेच काम मधलं बोट करतं. बी मायनरची बार कॉर्ड (तर्जनी आडवी टाकून एकदम अनेक तारा दाबणारी) पाचव्या तारेपासून सुरू होते. तिथे तर्जनीचं टोक सहाव्या तारेला नुसतं खेटून ठेवायचं, दाबायचं नाही. डी मेजरला मात्र एकही बोट त्या बाजूला नसतं, आणि तिथे सहावी तार मोकळी वाजली तर खालून ई चा स्वर घुमून कॉर्डचा पायाच हलतो. तिथे अंगठा गिटारच्या दांड्यावरून आणून तारेला टेकवायचा. पाचवी मोकळी राहिली तरी चालते, ए हा त्या कॉर्डचाच स्वर आहे.

सगळ्यात मोठा फरक जी मेजरने पडला. मी ती नेहमीच्या पद्धतीने धरायचे, मधलं बोट सहाव्या तारेवर आणि तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. तुम्ही तर्जनी काढायला लावलीत आणि मधलं बोट थोडं आडवं केलंत, म्हणजे त्याचा मांसल भाग पाचव्या तारेवर टेकून ती बंद होईल. कॉर्ड अर्धवट वाटेल अशी भीती होती. झालं उलटंच. सहाव्या तारेवरचा जी हा स्वर साधारण 98 हर्ट्‌झचा आणि पाचव्यावरचा बी साधारण 123 चा. खर्जात हे दोन स्वर इतके जवळ असले की एकमेकांत मिसळून नुसती घरघर होते. बी काही हरवत नाही, मोकळ्या दुसऱ्या तारेवर तो वरच्या सप्तकात असतोच. झटक्याने वाजवलेली जी मेजर अशी कोरडी आणि घट्ट वाजते हे मला कुठल्याच चार्टमधून कळलं नसतं.

बार कॉर्डवर आवाज तोडणं त्या मानाने सोपं. बोटं उचलायची नाहीत, फक्त दाब सोडायचा. तारा फ्रेटपासून सुटतात पण बोटांना चिकटून राहतात. एक अडचण मात्र मला छळत होती. पाचव्या फ्रेटवरची ए मेजर सैल सोडली की कोरड्या ‘चक’ऐवजी मधूनच घंटीसारखा बारीक सूर निघायचा. गिटारचा दोष असावा असं वाटून मी तारासुद्धा बदलल्या होत्या, आणि नव्या तारांनी तो सूर आणखी स्वच्छ ऐकू यायला लागला! तुम्ही हसलात आणि कारण सांगितलंत. बारावा, सातवा आणि पाचवा फ्रेट मोकळ्या तारेचा अनुक्रमे अर्धा, तिसरा आणि चौथा हिस्सा दाखवतात. तिथे एकच बोट हलकं टेकलं तर तार मरत नाही, हार्मोनिक म्हणजे तो घंटीसारखा बारीक सूर देते. ए मेजरमध्ये तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या तारांवर दोन-दोन बोटं असतात, पण पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या तारेवर फक्त तर्जनी. उपाय म्हणजे दाब सोडताना बाकीची बोटं थोडी आडवी पाडायची, म्हणजे जमेल तितक्या तारांना दोन बोटं लागतील. उरलेल्या तारेसाठी तर्जनी केसभर मागे घ्यायची. तेव्हापासून बार कॉर्ड पाचव्या किंवा सातव्या फ्रेटवर आली की माझी बोटं आपोआप आडवी होतात.

ओपन कॉर्ड्सवर (ज्यांत काही तारा न दाबता मोकळ्या वाजतात) हा दाब सोडायचा मार्ग चालत नाही. बोटं सैल केली तरी मोकळ्या तारा वाजत राहतात. इथे तुम्ही करंगळीला कामाला लावलंत. ए मायनर, ई मायनर, डी, सी या सगळ्यांत ती रिकामीच असते. आवाज तोडायचा त्या क्षणी ती सरळ करून सगळ्या तारांवर आडवी टाकायची. फ्लामेंको ही स्पेनची शैली वाजवणारे अशाच तऱ्हेने करंगळी टाकून कॉर्ड कापतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. जिथे करंगळी अडकलेली असेल तिथे उजव्या तळव्याने तारा बंद करायच्या.

उजव्या हाताबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत, पण जे बोललात ते नेमकं होतं. पाम म्यूटसाठी, म्हणजे तळव्याने आवाज दाबण्यासाठी, तळव्याची करंगळीकडची कड सॅडलला (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीला) लागूनच ठेवायची. जरा पुढे सरकली की स्वर मरून नुसता ठोका उरतो, मागे गेली तर काहीच होत नाही. ही जागा डोळ्यांनी नाही, कानाने शोधायची असते आणि प्रत्येक गिटारवर नव्याने. दुसऱ्या आणि चौथ्या बीटवरच्या ‘चक’साठी मात्र हात तारांवर टाकायचा: तळव्याची कड आधी टेकते आणि लगेच पिक तारांवरून जातं. मी हे दोन वेगळे ठोके म्हणून वाजवत होते. तुम्ही माझं मनगट धरून ते एकाच हालचालीत बसवलंत, आणि मग हात वर येताना अपस्ट्रोक (वरच्या दिशेचा फटका) आपसूक मिळायला लागला.

तुमचा सोळाच्या पट्टीचा (चार बीटला सोळा फटके) रियाझ इथे लिहून ठेवते, कारण तो कुणालाही करता येईल. मेट्रोनोम 60 वर. एका बीटला चार फटके, खाली-वर-खाली-वर. उजवा हात कधीच थांबवायचा नाही. आधी डावा हात सैल ठेवून सगळे फटके मुके वाजवायचे, सगळ्यांचा आवाज सारखा येईपर्यंत. मग दर आठ फटक्यांतला फक्त पहिला, चौथा आणि सातवा दाबून वाजवायचा. खरी गंमत चौथ्यात आहे, कारण तो अपस्ट्रोक आहे. बहुतेकांचा अपस्ट्रोक दुबळा असतो आणि तो झाकायला कॉर्डचा लांबलेला आवाज उरलेला नसतो. मला हा रियाझ पहिल्यांदा अत्यंत कंटाळवाणा वाटला होता. अजूनही वाटतो. तरी रोज त्यानेच सुरुवात करते.

तुम्ही ऐकायला सांगितलेल्यांपैकी जॅझ गिटारवादक फ्रेडी ग्रीन माझ्या कानात घर करून बसले. 1937 पासून 1987 मध्ये जाईपर्यंत काउंट बेसींच्या जॅझ ऑर्केस्ट्रात विनाअ‍ॅम्प्लिफायर गिटार, मोठ्या पितळी वाद्यांच्या गर्दीत. कॉर्डचा आकार पूर्ण धरलेला, पण बऱ्याचदा त्यातली एखादीच तार स्पष्ट वाजवलेली आणि बाकीच्या तारा बोटांनी दडपलेल्या. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचं 1934 चं पाच वादकांचं पंचकही तुम्ही दाखवलंत. त्यात ड्रम नव्हते. दोन रिदम गिटार आणि बास तेच काम करायचे, आणि ते जमायचं कारण प्रत्येक फटका वेळेवर तोडला जायचा. ड्रमर नसलेल्या छोट्या मैफलीत मला आता हेच करायचं असतं.

आमच्या गायिकेने पूर्वी अनेकदा ‘गिटार जरा कमी कर’ म्हटलं होतं. हल्ली म्हणत नाही, आणि मी आवाज एक तसूभर कमी केलेला नाही. तिच्या शब्दांच्या मध्ये जागा मोकळी झाली, इतकंच. याचं श्रेय मी तिच्यासमोर तुम्हाला दिलं आहे, इथेही देते. शिकवण्याचे पैसे घ्यायला तुम्ही नकार दिलात. त्या बदल्यात मी दुसऱ्या कोणाला तरी हे दाखवावं एवढीच अट घातलीत. ती पाळतेय.

त्यातूनच एक प्रश्न उरलाय. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीचे हात लहान आहेत, डीच्या वेळी तिचा अंगठा सहाव्या तारेपर्यंत पोचत नाही. सध्या मी तिला उजव्या अंगठ्याची कड सहाव्या तारेवर टेकवून बोटांनी स्ट्रम करायला सांगितलंय. डी ला ते जमतं, पण पुढची कॉर्ड जी मेजर आली की सहावी तार लगेच मोकळी करावी लागते आणि तिथे तिचा हात अडखळतो. गिटार मांडीवर थोडी उभी धरली तर डावा अंगठा पोचेल, की मी तिला वेगळीच कॉर्ड द्यावी? सवडीने कळवा.

तुमची,
आडव्या करंगळीची विद्यार्थिनी