शुक्रवारची दुपार सांभाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या) मुलांच्या निवासी शिबिरांवरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. गाणी, हिब्रू अक्षरे, मलिदा (पोह्यांचा गोड प्रसाद) यांचे वर्णन चांगले उतरले आहे. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, मात्र एका ओळीत आटोपला. शिबिर फसते ते नेमके तिथेच. हंगेरीतील सारवाशच्या आंतरराष्ट्रीय ज्यू शिबिराला भारतातूनही मुले जातात. तिथे स्वतःचे कोशेर (ज्यू आहारनियम पाळणारे) स्वयंपाकघर आहे. आपल्याकडे लोणावळ्याचे किंवा अलिबागचे कृषी पर्यटन केंद्र भाड्याने घ्यावे लागते, म्हणून अशा केंद्रांच्या मालकांसाठी आणि नव्या संयोजकांसाठी हे थोडे तपशील.

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी चांदण्या दिसल्यावर सुटतो. मेणबत्त्या सूर्यास्ताच्या 18 मिनिटे आधी लावतात. मेच्या मध्यात इकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहाच्या. म्हणजे मे महिन्यात पावणेसातला आणि डिसेंबरात पावणेसहाला आंघोळी, स्वयंपाक, सगळे उरकलेले हवे. मुंबईहून बस दुपारी दोनला सोडली की शुक्रवारच्या गर्दीत खोपोलीच्या घाटात अडकलीच म्हणून समजा. अकराच्या आत निघावे. शाळा अर्धा दिवस सोडत नसेल तर शिबिर सुट्टीतच घ्यावे. भाद्रपद-आश्विनात तर नकोच. नव्याचा सण (ज्यू नववर्ष), दारफळणीचा सण (योम किप्पूरचा उपवास) आणि त्यामागचे मांडव-सण (सुक्कोथ) तीन-साडेतीन आठवड्यांत एकामागोमाग येतात, त्यात सहामाही परीक्षाही तेव्हाच.

शब्बाथला विजेचे बटण दाबायचे नसते. संडास-बाथरूम आणि जिन्यातले दिवे आधीच लावून बटणांवर चिकटपट्टी लावावी, नाहीतर सवयीने कुणीतरी ते बंद करतेच आणि सगळी रात्र अंधारात जाते. हालचाल ओळखून लागणारे दिवे बंद करून घ्यावेत. कार्डाने उघडणाऱ्या खोल्या तर घेऊच नयेत. फोन पेटीत जातात, पण एक चालू फोन आणि एक गाडी जबाबदार माणसाजवळ राहावी. जिवावर बेतले तर शब्बाथ मोडणे हेच धर्माचे सांगणे आहे, आणि हे पालकांना आधी सांगितले की त्यांचे निम्मे प्रश्न संपतात.

जेवण शाकाहारी ठेवणे सर्वांत सोपे. मटण कोशेर सहज मिळत नाही, मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही (आपल्या घरचे कालवण आणि गोडधोड नारळाच्या दुधात होते ते त्यामुळेच). शाकाहारी म्हटले तरी केंद्राच्या पातेल्यांत आदल्या दिवशी कोंबडी शिजलेली असू शकते, तेव्हा पातेली, तवा, कालथे आपले न्यावेत. कोबी-फ्लॉवर आणि पालेभाजी किडीसाठी नीट पाहावी, अंडे आधी वाटीत फोडून रक्ताचा ठिपका नाही ना ते बघावे. मासे करायचेच तर पापलेट किंवा रावस. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत.

शुक्रवारी रात्री गरम जेवण जमते. शनिवारी दुपारी गरम खिचडीचा हट्ट करू नये. मंद गॅसवर पत्रा टाकून रात्रभर ठेवायचे तर मुले असलेल्या ठिकाणी ते धोक्याचे, आणि विजेच्या गरम पेटीत ठेवले तर वीज गेल्यावर मेच्या उकाड्यात भात आंबतो. तिखट पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणचे, उकडलेली अंडी बरी. भाजीत ओले खोबरे घालू नये.

किद्दूशच्या (शब्बाथच्या जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाच्या) शरबतासाठी 40 जणांना अर्धा किलो काळ्या मनुका गुरुवारी रात्री दोन लिटर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी कुस्करून गाळाव्यात आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवाव्यात. बाहेर राहिले तर संध्याकाळपर्यंत फसफसते.

मलिदा शनिवारी रात्री हवदालानंतर (शब्बाथ संपवण्याच्या विधीनंतर). 40 जणांना दोन किलो पोहे, चार-पाच नारळ, किलोभर साखर, वेलची, सुकामेवा आणि पाच प्रकारची फळे लागतात. पोहे चाळणीत धुऊन निथळावेत. पातेल्यात भिजत ठेवले तर लगदा होतो. नारळ शब्बाथ सुटल्यावरच खवावा.

वयाचा प्रश्न राहतो. देशभरात आपण बेने इस्रायली पाच हजारांच्या आत, त्यामुळे आठ वर्षांचा आणि सतरा वर्षांचा एकाच गटात बसवण्याचा मोह होतो. धाकट्यांना आईवडिलांसह कुटुंब-शिबिरातच न्यावे. दहा-अकरापासून पुढच्यांना वेगळे. मोठ्यांत तेरा वर्षांवरचे दहा पुरुष नसतील तर मिन्यान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारी संख्या, होत नाही. आसपासच्या गावांतून दोघे-तिघे मुक्कामालाच बोलवावेत, कारण शनिवारी गाडीने येणे नाही.

नवगावचे जुने दफनस्थळ, अलिबागजवळच्या खंडाळ्यातील एलियाहू हन्नबी या प्रेषिताची शिळा आणि अलिबागचे 1848 मध्ये स्थापन झालेले सिनेगॉग (ज्यू प्रार्थनागृह) हा फेरफटका त्यामुळेच रविवारी ठेवावा. आपल्या छायाचित्रकारांनीही तेव्हाच यावे. शनिवारी त्यांना चहा मिळेल, पण कॅमेरा पिशवीतच ठेवावा लागेल.

आपले,
शिबिर संयोजनात असणारे काही पालक, ठाणे