चिकूच्या सर्दीबद्दल, फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर मी आईवर जरा जोरातच बोलले, त्याचं रात्रभर वाईट वाटत होतं. आई, तू एवढंच विचारलंस की मागच्या वेळचं ते गुलाबी औषध फ्रीजमध्ये थोडं उरलंय, चिकूचं नाक वाहायला लागलंय तर देऊ का, आणि मी "अजिबात नाही" म्हणून मोकळी झाले, का नको ते काही सांगितलंच नाही. आता तीन आठवडे तो तुमच्याकडे आहे, त्यात चिपळूणचा पाऊस, म्हणून बसून सगळं लिहिते.

ते गुलाबी औषध म्हणजे अँटिबायोटिक. पाणी घालून कालवलं की आठवडाभरच चालतं, त्यामुळे ती बाटली आजच टाकून दे. आणि ताजी असती तरी उपयोग नव्हता, कारण साधी सर्दी व्हायरसने होते आणि अँटिबायोटिक व्हायरसला लागूच पडत नाही. मी स्वतः गेल्या वर्षी हे केलंय, तुम्हाला सांगितलं नव्हतं. रात्री तो खोकत होता, मला सकाळी ऑफिस, उरलेलं औषध दोन दिवस दिलं. खोकला तसाच राहिला, वर जुलाब लागले, ढुंगण लालबुंद झालं, पाणी लागलं तरी रडायचा. तेव्हा डॉक्टरांनी समजावलं की या वयात वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नॉर्मल आहे, शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे इन्फेक्शन वाढलं असंही नाही, आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो.

खोकल्याचं सिरप पण नको, मेडिकलवाला कितीही चांगलं म्हणाला तरी. 2025 मध्ये छिंदवाड्याकडची मुलं आठवतात ना, किडन्या निकामी झाल्या म्हणून कितीतरी जणांना नागपूरला आणलं होतं, त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, वीसच्या वर लेकरं गेली. मी तेव्हा घरातली प्रत्येक बाटली काढून लेबल वाचत बसले होते. आणि सर्दीच्या औषधात जे क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिन एकत्र असतं ते चार वर्षांखाली देऊ नका असं सरकारनेच 2023 मध्ये लेबलवर छापायला लावलंय. आपला तीनचा आहे.

मग करायचं काय, तर बरंचसं तू करतेसच. कोमट पाणी, पेज, सूप थोडं थोडं सारखं, झोपताना अर्धा चमचा मध (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवायचा नाही, शेजारच्या बाळाला कौतुकाने देशील म्हणून सांगते). नाक चोंदलं की सलाइनचे थेंब बॅगेच्या पुढच्या कप्प्यात आहेत. ओवा-लसणाची धुरी नको गं, धुराने श्वासनळी अजून चिडते, आणि नाकात तेल पण नको. उकळत्या पाण्याचं भांडं तर त्याच्या आसपाससुद्धा नको.

तापाला पॅरासिटामॉल, 250 लिहिलेली (म्हणजे 5 एमएलमध्ये 250 मिलिग्रॅम) बाटली पाठवलीय त्यातलं साडेतीन एमएल, सिरिंजने मोजून, सहा तासांच्या आत परत नाही. दुकानातून दुसरी आणली तर ती 120 ची, म्हणजे कमी स्ट्राँग असू शकते, थेंबांची तर या 250 पेक्षाही स्ट्राँग असते, त्यामुळे बाटली बदलली तर आधी मला फोन करा.

बाबा, आता तुमचं काम. तुमच्या त्या जुन्या एचएमटीला चावी द्या. चिकू झोपला की बनियन वर करायचं आणि पोट बघत बसायचं, वर गेलं की एक, परत वर गेलं की दोन, असं पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, मुलांचा श्वास एकसारखा नसतो. आकडा चाळीस किंवा वर गेला तर वाट बघत थांबायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच डॉक्टरांकडे न्यायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, शांत असताना घशातून घर्रघर्र आवाज येत असेल, ओठ निळसर दिसले, पाणीसुद्धा घेत नसेल, दिवसभरात शू झाली नसेल किंवा उठवलं तरी ग्लानीत असेल, तर सरळ रिक्षा काढून हॉस्पिटल, मला फोन वाटेत करा. ताप तीन दिवसांच्या वर गेला, कान दुखतोय म्हणाला, किंवा खोकला-सर्दी काही नाही पण ताप आणि घसा इतका दुखतोय की गिळवत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घशाचं ते इन्फेक्शन बॅक्टेरियाचं असू शकतं, तपासून त्यांनी अँटिबायोटिक दिलं तर मग बरं वाटलं तरी पूर्ण कोर्स द्यायचा.

आणि आई, तुझी नजर. मला ताप कळायच्या आधी तू "याचं तोंड उतरलंय" म्हणतेस, दर वेळी खरं निघतं. ताप उतरल्यावर तो गाड्या घेऊन खेळायला लागला तर काळजी नाही, ताप उतरूनही तुला तो मलूल वाटला तर आकडे काहीही असोत, माझ्या परवानगीची वाट बघू नकोस.

रात्री नऊला फोन करते. तोपर्यंत एकदा तो झोपलेला असताना मोजून ठेवा, बरा असतानाचा आकडा माहीत असलेला बरा.

तुमची,
ताई